साठ टक्के कशाचे?

शिरूरला माध्यमिक शिक्षकांच्या विज्ञान शिबिरात आम्ही आरोग्य या विषयावर बोलायला गेलो होतो. एचआयव्हीचा भाग सुरू झाला की बायका-पुरुषांच्या एकत्र गटात कोणी प्रश्न विचारत नाही, हा अनुभव जुनाच आहे. म्हणून तिथल्याच एका बाईंनी खडूचा रिकामा खोका टेबलावर ठेवला, झाकणाला चीर पाडली आणि नाव न घालता चिठ्ठ्या टाका म्हणून सांगितले. दुपारपर्यंत खोका निम्मा भरला. बरेचसे प्रश्न ओळखीचे होते. डास चावल्याने होतो का, न्हाव्याच्या वस्तऱ्याने होतो का, एका ताटात जेवले तर काय. एका चिठ्ठीवर मात्र लिहिले होते, "सुंता केलेल्या पुरुषाला एड्स होत नाही असे वाचनात आले. हे शास्त्रीय आहे काय?"

जेवणाची वेळ होत आली होती. आम्ही एका वाक्यात उत्तर दिले, "होतच नाही असे नाही, पण धोका सुमारे साठ टक्क्यांनी कमी होतो हे प्रयोगांतून दिसले आहे." आणि पुढची चिठ्ठी उघडली.

तीन आठवड्यांनी असेच शिबिर दौंडला होते. न्हावरा-चौफुला रस्त्याने भीमा ओलांडून आम्ही तिथे पोहोचलो, तर आमचे उत्तर आमच्या आधीच पोहोचले होते. त्याची तीन रूपे आम्हाला भेटली. एक शिक्षक म्हणाले, "सुंता केलेल्या शंभरांतल्या साठ जणांना हा रोग होत नाही म्हणे." दुसऱ्यांनी विचारले, "मग निरोधची गरज काय?" तिसरे गृहस्थ चहाच्या वेळी बाजूला घेऊन बोलले. त्यांच्या नववीच्या वर्गात एका मुसलमान मुलाला इतर मुले म्हणाली होती, "तुला काय भीती, तुझं आधीच झालंय." त्यावर आणखी कोणी काय म्हणाले, ते सांगताना सर थांबले आणि कप खाली ठेवून आत गेले.

आमच्या वाक्यात एकही शब्द चूक नव्हता, तरीही ते उत्तर वाईट होते. म्हणून पुढे जी टीका आहे ती आधी आमच्या त्या उत्तरावर आहे. मग, हे साठ टक्के ज्या संशोधनातून आले त्यावर आणि ते ज्या पद्धतीने लोकांपर्यंत आणले गेले त्यावर.

या विषयावरचा एक गाजलेला अभ्यास परदेशात नव्हे, पुण्यातच झाला. भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. तिथल्या आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ ते २००० या काळात पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या पुरुषांची नोंद ठेवली. सुरुवातीच्या तपासणीत एचआयव्ही नसलेले २,२९८ पुरुष त्यात होते. ते ठराविक काळाने पुन्हा येत, रक्त तपासले जाई, नवी लागण झाली का ते पाहिले जाई. यांतील सुमारे ८ टक्के, म्हणजे दोनशेच्याही आत, पुरुषांची सुंता झालेली होती. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात निष्कर्ष छापून आला. सुंता झालेल्यांना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका इतरांच्या ०.१५ पट, म्हणजे जवळजवळ सातव्या हिश्शाइतकाच होता.

हा आकडा वाचून कोणीही चमकेल. परंतु त्याच्याशेजारी छापलेले दोन आकडे वर्तमानपत्रांच्या उपयोगाचे नसतात, ते शिक्षकांच्या उपयोगाचे असतात. ते होते ०.०४ आणि ०.६२. संशोधकांचे म्हणणे साध्या भाषेत असे, की आमच्याकडे सुंता झालेली माणसे थोडी आहेत, त्यांत लागण झालेली तर अगदीच थोडी. तेव्हा खरा आकडा ०.१५ च असेल असे नाही, तो ०.०४ ते ०.६२ यांमध्ये कुठेही असू शकेल. म्हणजे संरक्षण ९६ टक्के असेल किंवा ३८ टक्केही असेल. दोन-चार माणसे इकडची तिकडे झाली की निकाल हलावा, अशा पायावर तो उभा होता. लेखकांनी हे लपवलेले नाही. आपण मधला आकडा उचलतो आणि कडेचे दोन टाकून देतो, हा दोष आपला आहे.

दुसरी अडचण आकड्यांची नाही. महाराष्ट्रात सुंता ही मुख्यतः मुसलमान समाजात होते. त्यामुळे सुंता झालेले आणि न झालेले अशी तुलना करायला गेलो, की न कळत दोन धर्मांच्या माणसांची तुलना होऊन बसते. राहण्याचे मोहल्ले, लग्नाचे वय, दारूचे प्रमाण, कोणाशी संबंध येतो आणि त्या वर्तुळात विषाणू किती पसरला आहे, हे सगळे बरोबर येते. मग फरक कातडीमुळे पडला की या इतर गोष्टींमुळे? संशोधकांना हा आक्षेप ठाऊक होता. त्यांनी त्यावर एक युक्तिवाद मांडला आणि तो सुंदर आहे. ते म्हणाले, फरक वागणुकीमुळे असता तर सुंता झालेल्यांत नागीण प्रकारातला जननेंद्रियांचा हर्पिस, उपदंश आणि परमा हे रोगही कमी दिसायला हवे होते. ते कमी दिसत नाहीत, फक्त एचआयव्ही कमी दिसतो. म्हणजे कारण वागणुकीत नसून शरीरात असले पाहिजे.

वर्गात तर्कशास्त्र शिकवताना हा नमुना म्हणून जरूर द्यावा. पण त्यातली फट दाखवूनच द्यावा. हर्पिससारखा रोग त्या दवाखान्यात येणाऱ्यांमध्ये सगळीकडे पसरलेला असेल आणि एचआयव्ही मात्र काही वर्तुळांतच दाट असेल, तर वर्तुळे वेगळी असल्याने एचआयव्हीत फरक दिसेल आणि हर्पिसमध्ये दिसणार नाही. कातडीचा काही संबंध नसतानाही. दुसरे असे, की पुढे युगांडात मोठा प्रयोग झाला तेव्हा सुंतेने हर्पिसची लागण सुमारे २८ टक्क्यांनी कमी झालेली आढळली, उपदंशात मात्र फरक पडला नाही. म्हणजे पुण्याच्या युक्तिवादाचा एक खांब नंतर डळमळला. निष्कर्ष तेवढा बऱ्याच अंशी टिकला. विज्ञानात असे होते. बरोबर उत्तराला कच्च्या पायरीवरूनही पोहोचता येते, आणि म्हणूनच उत्तर जुळले तरी पायऱ्या तपासाव्या लागतात. गणिताच्या शिक्षकांना हे आम्ही काय सांगावे!

निरीक्षणातून असा गुंता सुटत नाही म्हटल्यावर उरतो तो प्रयोग. एकाच वस्तीतले, सुंता न झालेले, शस्त्रक्रियेला तयार असलेले तरुण घ्यायचे, चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट करायचे, एका गटाची सुंता लगेच आणि दुसऱ्याची अभ्यास संपल्यावर. धर्म, मोहल्ला, सवयी दोन्ही गटांत सारख्याच वाटल्या जातात. असे तीन प्रयोग आफ्रिकेत झाले. दक्षिण आफ्रिकेत ऑरेंज फार्म येथे ३,२७४ पुरुष होते. सुंता झालेल्या गटात २० जणांना लागण झाली, दुसऱ्यात ४९ जणांना. केनियात किसुमू येथे २,७८४ पुरुष. २२ आणि ४७. युगांडात राकाई येथे ४,९९६ पुरुष. २२ आणि ४५. पहिल्याचा निकाल २००५ मध्ये, उरलेल्या दोघांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही मिळून अकरा हजारांवर माणसे आणि लागण ६४ विरुद्ध १४१.

आक्षेप इथेही आहेत. तिन्ही प्रयोग फायदा स्पष्ट दिसताच मुदतीआधी थांबवले गेले. वाट पाहणाऱ्या गटाला फायद्यापासून दूर ठेवणे नीतीला धरून नव्हते, म्हणून थांबवणे योग्यच. पण धावफलक आपल्याला अनुकूल असताना सामना थांबवला तर अंतर थोडे मोठेच दिसते. शस्त्रक्रिया झालेल्यांनी जखम भरेपर्यंत संबंध टाळले, तेवढे दिवस त्यांना आयतेच संरक्षण मिळाले. कोणाची सुंता झाली हे ना रोग्यापासून लपवता येते ना डॉक्टरपासून. हे सगळे धरूनही तीन देशांतले तीन निकाल एकाच दिशेला, जवळजवळ सारख्याच प्रमाणात जातात आणि नंतरच्या काही वर्षांच्या पाठपुराव्यातही फायदा टिकलेला दिसतो. २००९ च्या कॉक्रेन समीक्षेने तो ३८ ते ६६ टक्के धरला. सुंतेचा परिणाम खरा आहे, असेच आमचे मत आहे. तो नाकारणारे काही लेख आम्ही वाचले, त्यांत रागच अधिक आहे.

असे का व्हावे? अग्रत्वचेच्या, म्हणजे शिश्नाच्या टोकावरच्या कातडीच्या, आतल्या पदरात रोगप्रतिकाराच्या काही पेशी असतात. विषाणूला शिरायला याच पेशी सोयीच्या. संबंधाच्या वेळी कातडी मागे सरते आणि हा आतला पदर उघडा पडतो. तो ओलसरही असतो, तिथे जिवाणू वाढतात, बारीक दाह होतो, आणि दाह झाला की त्याच पेशी आणखी गोळा होतात. बाहेरच्या कातडीपेक्षा आतल्या पदराचा वरचा थर पातळ असतो, असेही वर्षानुवर्षे लिहिले गेले. सूक्ष्मदर्शकाखाली मोजमापे झाली तेव्हा ती एकमेकांशी जुळली नाहीत, म्हणून ते आम्ही ठामपणे सांगणार नाही. एक गोष्ट मात्र इथेच लक्षात घ्यावी. या प्रयोगांनी दाखवलेला फायदा स्त्रीकडून पुरुषाला होणाऱ्या लागणीपुरता आहे. सुईतून, रक्तातून होणाऱ्या लागणीशी त्याचा संबंध नाही.

आता त्या साठ टक्क्यांकडे येऊ. दौंडच्या सरांनी जे ऐकले ते असे होते, की शंभरांतले साठ सुरक्षित आणि चाळीस धोक्यात. प्रत्यक्षात अर्थ वेगळा आहे. एका ठराविक मुदतीत सुंता न झालेल्या गटात शंभर लागणी होत असतील, तर तेवढ्याच माणसांच्या सुंता झालेल्या गटात चाळीस होतील. कोणताही एक माणूस 'सुरक्षित' झालेला नाही. वारंवार धोका पत्करणाऱ्याला आज टळलेले उद्या गाठू शकते. काही तज्ज्ञांनी सुंतेला 'शस्त्रक्रियेची लस' म्हटले होते. ही उपमा आम्हाला घातक वाटते. गोवराची लस टोचलेल्या मुलाची आई निर्धास्त होते, आणि होऊ द्यावी. इथे निर्धास्तपणाच नडतो.

आणि मुख्य प्रश्न पुढेच आहे. साठ टक्के, पण कशाचे? रुपयात साठ पैसे वाचले आणि लाखात साठ हजार वाचले, दोन्हीकडे टक्केवारी तीच. दौंडला आम्ही हा हिशेब फळ्यावर मांडला, तोच इथे देतो.

किसुमूच्या प्रयोगात सुंता न झालेल्या गटात दोन वर्षांत ४.२ टक्के पुरुषांना लागण झाली, सुंता झालेल्यांत २.१ टक्के. म्हणजे तिथे दहा हजार पुरुष घेतले तर दोन वर्षांत ४२० ऐवजी २१०. टळल्या २१० लागणी. शस्त्रक्रियेचा त्रास, म्हणजे रक्तस्राव, जखम चिघळणे यांसारखे, प्रशिक्षित हातांखालीही सुमारे दीड टक्का लोकांना झाला. दहा हजारांत १५०. तो लवकर बराही झाला. जन्मभराचे २१० आजार टाळण्यासाठी दीडशे जणांनी आठवडा-दोन आठवडे जखम सोसली. सौदा बरा आहे. मार्च २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुंतेची शिफारस केली ती अशाच प्रदेशांसाठी, जिथे लागण मोठ्या प्रमाणावर, मुख्यतः स्त्री-पुरुष संबंधांतून होते आणि सुंता थोड्यांचीच झालेली असते. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या त्या देशांत त्यानंतर तीन कोटींहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आहेत.

आता आपल्याकडे या. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात लागण नसलेल्या दर हजार लोकांमागे वर्षाला ०.०५ नव्या लागणी होतात, म्हणजे दर लाखाला पाच. शिरूर-दौंडसाठी वेगळा आकडा न शोधता आपण समजू, की तरुण आणि मध्यमवयीन पुरुषांत तो याच्या दुप्पट, लाखाला दहा. दहा हजार पुरुषांत वर्षाला एक, दोन वर्षांत दोन. त्यांचे साठ टक्के टाळले तर झाले १.२. त्रास होणारे मात्र तेच, दीडशे. किसुमूला एक लागण टाळायला दोन वर्षांच्या हिशेबात ४८ शस्त्रक्रिया पुरतात, आपल्याकडे आठ हजारांहून अधिक लागतील. टक्केवारी तीच, सुरी तीच, जमीन वेगळी.

कोणी म्हणेल की संरक्षण जन्मभराचे आहे, दोनच वर्षे का धरता? मान्य. वीस वर्षे धरा. दहा हजारांमागे बारा लागणी टळतील, दीडशे त्रास एकदाच होतील. तरी सौदा जमत नाही. शिवाय करणार कोण? २०११ च्या जनगणनेत दोन्ही तालुके मिळून ७ लाख ६५ हजारांवर लोकसंख्या होती. त्यांत या वयाचे पुरुष दोन लाख धरू. एका सर्जनने रोज दहा शस्त्रक्रिया केल्या आणि वर्षात अडीचशे दिवस काम केले तर ऐंशी वर्षे लागतील. तोवर बाळंतपणात अडलेल्या बाईने कुठे जावे? भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सुंता कधीच आली नाही, ती का आली नाही याचे निम्मे उत्तर या हिशेबात आहे. उरलेले निम्मे राजकारणात आहे, आणि ते पुण्याच्या कोणत्याही शिक्षकाला समजावून सांगावे लागत नाही.

हा हिशेब सरासरीचा आहे हे विसरून मात्र चालणार नाही. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती, दौंडचे रेल्वे जंक्शन, नगर आणि सोलापूरकडे जाणारे दोन महामार्ग, गळीत हंगामात येणारे ऊसतोड मजूर, यांमुळे महिनोन् महिने घरापासून दूर राहणारे पुष्कळ पुरुष या दोन तालुक्यांत आहेत. त्यांतल्या काहींचा धोका सरासरीच्या कितीतरी पट असू शकतो. पुण्याच्या दवाखान्यातले ते २,२९८ पुरुष असेच होते, आधीच गुप्तरोगाच्या तक्रारी घेऊन आलेले. म्हणून त्यांच्यावरून सगळ्या जिल्ह्याचा निष्कर्ष काढणे जसे चूक, तसेच सरासरीवरून त्यांना "तुम्हाला याचा उपयोग नाही" असे सांगणेही चूक. अशा एखाद्या प्रौढ माणसाने सगळे समजून, चांगल्या रुग्णालयात, स्वतःच्या इच्छेने सुंता करून घेतली तर आम्ही त्याला अडाणी म्हणणार नाही. निरोध वापरणे तेवढे सोडू नये, एवढेच सांगू. कातडी मागे न सरणे या विकारासाठी तर डॉक्टर हीच शस्त्रक्रिया सुचवतात. सुश्रुतसंहितेत तो निरुद्धप्रकश या नावाने वर्णिला आहे. त्याचा धर्माशी काही संबंध नाही.

आतापर्यंत आम्ही फक्त पुरुषांचे दाणे मोजले. शिरूरच्या उत्तरातली सर्वांत मोठी चूक हीच होती. पुण्याच्याच संशोधकांनी १९९७ साली आणखी एक निबंध प्रसिद्ध केला होता. वेश्याव्यवसायात नसलेल्या, गुप्तरोग दवाखान्यात आलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित आढळल्या. यांत बहुसंख्य लग्न झालेल्या, नवऱ्याशिवाय कोणाशीही संबंध न आलेल्या. त्यांचा एकमेव धोका म्हणजे त्यांचा नवरा. या बाईला सुंतेचा काय उपयोग? नवऱ्याला लागण झालीच नाही तर तिचीही टळेल, तेवढा आडवळणाचा फायदा खरा आहे. पण त्याला आधीच लागण झाली असेल तर? राकाईला हाही प्रयोग झाला. बाधित पुरुषांची सुंता करून त्यांच्या जोडीदारांना संरक्षण मिळते का ते पाहिले. २००९ साली निकाल आला. सुंता झालेल्यांच्या जोडीदारांत १८ टक्के स्त्रियांना लागण झाली, न झालेल्यांच्या जोडीदारांत १२ टक्के. संख्या लहान असल्याने हा फरक योगायोगाचाही असू शकतो. परंतु फायदा नाही एवढे दिसल्यावर प्रयोग थांबवण्यात आला. जखम भरण्याआधी संबंध सुरू झालेल्या जोडप्यांत लागणीचे प्रमाण अधिक होते. खेड्यात, एका खोलीच्या घरात, "सहा आठवडे थांब" असे नवऱ्याला कोण सांगणार, हा प्रश्न कुठल्या तक्त्यात मावत नाही.

त्या बाईच्या कामाची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्यातही पुण्याचा वाटा आहे. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर झालेल्या एका प्रयोगात पुणे आणि चेन्नई ही केंद्रे होती. बाधित जोडीदाराला औषधे लवकर सुरू केली तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, असे त्यात २०११ साली दिसले. औषधे नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला, की संबंधांतून तो पुढे जात नाही, हे आता मान्य झाले आहे. २०१७ पासून आपल्याकडे लागण कळताच औषधे सुरू करण्याचे धोरण आहे, आणि ती सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. आमच्या शिरूरच्या उत्तरात सुंतेच्या साठ टक्क्यांना जागा मिळाली, या ९६ टक्क्यांना मिळाली नाही. चिठ्ठीत विचारले नव्हते ही सबब झाली.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण ती तुमच्या वर्गातल्या वयाची आहे. आफ्रिकेतल्या मोहिमांत पुष्कळ शस्त्रक्रिया १० ते १४ वर्षांच्या मुलांच्या झाल्या. संख्येचे लक्ष्य गाठायला ही मुले शाळेतून सोपी सापडत. या वयात अवयव पुरता वाढलेला नसतो, मूत्रमार्गाला इजा होऊन भोक राहण्याचे प्रकार नोंदले गेले. शिवाय या मुलाने कशाला संमती दिली, हा प्रश्न होताच. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षे आणि त्यापुढील मुलांवर भर देणारे मार्गदर्शन काढले. काही मोहिमांत शस्त्रक्रियेऐवजी कातडीला घट्ट कडे बसवून ती वाळवण्याची पद्धत आली, तेव्हा धनुर्वाताच्या घटना घडल्या आणि आधी धनुर्वाताची लस देण्याच्या सूचना द्याव्या लागल्या. सुसज्ज कार्यक्रमांची ही कथा. हज्जामाच्या वस्तऱ्याने घरी होणाऱ्या सुंतेला प्रयोगातला दीड टक्का लावता येत नाही. ज्या घरांत धर्म म्हणून सुंता होते तिथे ती होतच राहील, आणि तो त्यांचा प्रश्न आहे. ती दवाखान्यात व्हावी एवढे शिक्षक सांगू शकतो, आणि मुसलमान पालक ते ऐकतातही.

आता त्या नववीच्या वर्गाबद्दल. ज्या २००७ साली जागतिक संघटना या नाजूक विषयावर उघड बोलली, त्याच वर्षी महाराष्ट्रात शाळांतल्या किशोरावस्था शिक्षणाच्या कार्यक्रमावर गदारोळ झाला आणि तो थांबवण्यात आला. शिकवायचे नाही असे ठरले तरी मुलांचे बोलणे थांबत नाही. ते फक्त शिक्षकाच्या कानाआड जाते आणि तिथे टक्केवारीचे रूपांतर टोमण्यात होते. 'सुंता झालेले' या शास्त्रीय गटाच्या जागी 'ते लोक' येतात. मग एका बाजूला त्यांना रोग होतच नाही अशी असूया, दुसऱ्या बाजूला म्हणून ते कसेही वागतात अशी बदनामी. दोन्हीला पुण्याच्या निबंधात काडीचा आधार नाही. तो तर नेमके हेच सांगत होता, की या दोन गटांत उपदंश आणि परमा यांच्या लागणीत फरक आढळला नाही.

दौंडच्या त्या सरांनी पुढे फळ्यावरचा हिशेब वर्गात दाण्यांनी करून पाहिला. दहा हजार ज्वारीचे दाणे कोणी मोजत बसत नाही. मुलांनी शंभर दाणे मोजून किराणा दुकानातल्या काट्यावर वजन केले, त्याच्या शंभर पट ज्वारी परातीत घेतली, आणि दोन दाणे कुंकवाने रंगवून तिच्यात मिसळले. शेजारच्या परातीत तेवढीच ज्वारी आणि ४२० रंगवलेले दाणे. मग डोळे मिटून मूठ भरायची आणि किती लाल आले ते लिहायचे. पहिल्या परातीत अख्खा तास गेला तरी कोणाच्या मुठीत लाल दाणा आला नाही, असे त्यांनी कळवले आहे. शेवटी तो मुसलमान मुलगा म्हणाला, "सर, तुम्ही घातले होते ना नक्की?" आणि वर्गाने परात जमिनीवर उपडी करून शोधायला घेतली. एक दाणा सापडला, दुसरा घंटा होईपर्यंत सापडला नाही.

शिरूरच्या बाईंना आम्ही सुधारलेले उत्तर लिहून पाठवले आहे, चार पाने झाले. खडूचा खोका त्यांनी आता शाळेतच ठेवला आहे. त्यातल्या नव्या चिठ्ठ्या एका पाकिटात घालून त्यांनी धाडल्या आहेत. सगळ्यात वरची मुलीच्या अक्षरातली आहे. लग्नाआधी मुलाला रक्त तपासायला कसे सांगायचे, असे तिने विचारले आहे.